अंगठा

दार उघडलं की कॅमेरा दचकतो.
बाहेर तेलावीची जानेवारी, पायरीवर बर्फ.
त्सित्सिनो काकू दोन रोट्या मागायला आत येते
आणि तिच्यासोबत आलेल्या तेवढ्या उजेडानं
माझ्या बापाचा चेहरा कोळसा होतो.
दार लागतं. कॅमेरा ओशाळतो,
हळूहळू चेहरा परत आणून देतो,
चुकून नेलेली छत्री कुणी परत आणावी तसा.

फार समजूतदार आहे हा कॅमेरा, तीच त्याची खोड.
जन्म फोटोसाठी, व्हिडिओ नंतर गळ्यात मारलेला;
त्यात आपल्या हातानं काही ठरवायची सोयच ठेवलेली नाही.
तिबिलिसीच्या जुन्या बाजारात विकणारा म्हणाला,
फसवायचं त्याला.
आधी दिवा दाखव. वाटू दे त्याला, जग एवढं उजळ आहे.
मग हे चांदणीचं बटण दाब, अंगठा उचलू नकोस,
आणि वळ, जिकडे खरंच वळायचंय तिकडे.

लेन्स सोव्हिएत काळातली, आजोबांच्या कपाटातली.
कडी फिरवली की कट् कट् वाजते.
तिला कॅमेऱ्याची भाषा येत नाही
म्हणून ती त्याचं ऐकत नाही.

थेस्सालोनिकीहून थेओना लिहिते
(तिथे ती दुसऱ्याच कुणाच्या आईला भरवते, झोपवते):
बाबांचा चेहरा दिसू दे. आग माझ्या ओळखीची आहे.
बाप म्हणतो, माझं काय घेतेस, रोटीचं घे.

दोन्ही मिळत नाही.
भट्टीचं तोंड धरावं तर तो नुसती सावली,
त्याला धरावं तर आगीच्या जागी पांढरं भोक.
कडी एक घर पुढे. एक घर मागे.
तो हसतो. तो तरी कुठे काही मोजतो?
भिंतीवर मिठाचं पाणी शिंपडतो, कान देतो,
उलट्या हातानं हवा चाचपतो.
अजून नाही.
अजून नाही.
आता.
एकदा आता म्हटलं की मग दार उघडो,
वारा येवो, त्सित्सिनोचा बडबड्या जावई येवो,
त्याचं ठरलेलं हलत नाही.

मी दिवा दाखवला नाही, आगही नाही.
त्याच्या पिठाळलेल्या बाहीवर कॅमेरा धरला
आणि अंगठा दाबला.

तो भट्टीत कमरेपर्यंत वाकला,
पाय जमिनीपासून सुटले, होडीच्या आकाराची कणीक
आतल्या भिंतीला थापली, परत वर. पुन्हा.
तीनदा दार उघडलं.
तीनदा दारातलं माणूस पांढऱ्यात विरघळलं,
नुसता आवाज उरला, चार द्या, गरम द्या.
चेहरा मात्र जागेवर.
भुवईतलं पीठसुद्धा.

नवव्या मिनिटाला एक रोटी भिंतीवरून सुटली,
राखेत पडली.
तेव्हा पहिल्यांदा त्यानं थेट लेन्समध्ये पाहिलं,
परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखं.
हे काढून टाक, म्हणाला.
माझ्या अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या.

बाराव्या मिनिटाला कॅमेरा आपणहून थांबला,
त्याला तेवढंच झेपतं.
बाप थांबला नाही.

मी काहीच काढलं नाही. सगळं पाठवलं,
त्याची माफीही, जळून पांढरी झालेली दारंही.
दुसऱ्या दिवशी थेओनाची एकच ओळ:
ती पडलेली, खाल्ली कुणी?

आम्हीच. तू ओळखलंच असशील.
दिवा मालवल्यावर, पोत्यांवर बसून,
राख झटकून अर्धी अर्धी.
कडेला खरपूस होती.
मीठ जरा जास्त.